बिट्टूचं नाक फरशीवर घासायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात अमळनेरला मावशीकडे गेले तर बिट्टू दारात आलाच नाही. एरवी फाटकाची कडी वाजली की पायांत घुटमळणारं पाच महिन्यांचं पामेरियन, म्हणजे छोट्या जातीच्या केसाळ कुत्र्याचं पिल्लू ते. आत जाऊन बघते तर कूलरच्या स्टँडखाली जी ओल साचते ती चाटत बसलेलं. त्याची पाण्याची वाटी मोरीच्या कट्ट्यावर पालथी. नाकाच्या शेंड्यावरची काळी कातडी सोलून गुलाबी झाली होती. मी काही विचारायच्या आत मावशीने मोबाइल पुढे केला. "हाई वाच. सात दिवसमा सुधरस म्हने."

कुत्र्याची घरात घाण करायची सवय मोडायचा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे त्यानंतर तीन ग्रुपवरून आला. त्यातली सहा कलमं अशी: घाण केली की कुत्र्याचं नाक त्यात घासा. पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदाच द्या. नेहमीच्या कोपऱ्यात मिरची पूड आणि डांबराच्या गोळ्या टाका. छोट्या जातीची कुत्री मालकावर राग काढायला मुद्दाम घरात करतात, म्हणून दया दाखवू नका. खाण्याच्या वेळा ठरवा. आणि सात दिवसांत नाही सुधारला तर गावाबाहेर सोडून या.

आधी पाण्याचं, कारण त्याने जीव जाऊ शकतो. मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आपल्याला निदान घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि त्याचा उपयोग नावापुरता. अंग थंड करायला त्याच्याकडे धापा टाकणं हाच खरा मार्ग, आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी बाहेर जातं. त्यात पामेरियनच्या अंगावर दुहेरी केस. साध्या दिवसांत कुत्र्याला किलोमागे सुमारे ५०-६० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. अशा जिवासमोरची वाटी उचलून ठेवायची? आणि त्याने लघवी थांबतही नाही. तहानलेलं पिल्लू पाणी दिसलं की एकदम वाटीभर ढोसतं आणि अर्ध्या तासात मोठं थारोळं करतं. मधल्या वेळात लघवी घट्ट होऊन जळजळते आणि ते पुन्हा पुन्हा थेंब थेंब करत फिरतं. छोट्या जातींना मूतखड्याचा त्रास तसाही लवकर होतो. झोपायच्या तासभर आधी पाणी आवरतं घेणं वेगळं, तेही रात्र थंड असेल तर. दिवसभर वाटी भरलेलीच हवी. जनावराला पुरेसं पाणी न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि इथे तो घरगुती उपाय म्हणून वाटला जातोय.

आता नाकाचं. मावशी म्हणाली, "त्याले समजस वं. तो मुद्दाम करस. मी दारात दिसनू की मान खाली." मान खाली जाते हे खरंच आहे. पण का जाते? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. १४ कुत्री घेतली. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असं बजावून खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याला तो खाऊ द्यायचा, कधी नाही, आणि परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. कुत्र्याने खाल्लं की नाही यावर तो 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा येत होता. उलट, ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्त दिसला. म्हणजे बिट्टूची मान खाली जाते ती मावशीचा आवाज आणि उगारलेला हात ओळखून. दुपारी एकला त्याने दिवाणाखाली केलं, चारला मावशी दुकानातून आली आणि नाक घासलं. या दोन गोष्टींची गाठ त्याच्या डोक्यात बसतच नाही. कुत्र्याला शिक्षा असो की शाबासकी, ती त्याच क्षणाची कळते, तीन तासांपूर्वीची नाही.

मग यातून ते शिकतं काय? माणसासमोर लघवी करणं धोक्याचं, एवढंच. म्हणून ते लपून करतं, दिवाणाखाली, कपाटामागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही साखळी धरून बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, घरात आल्यावर कोपरा शोधतं. मावशीची नेमकी हीच तक्रार होती: "अर्धा तास फिरवस, काहीच करत नही, घरमा उनं की करस." ही सवय त्या मेसेजने लावलेली आहे. शिवाय काही पिल्लं भीतीनेच जागेवर लघवी सोडतात, त्यांना ओरडलं की आणखी सुटते.

मिरची पुडीने नाक-डोळे जळतात. डांबराची गोळी तर विष आहे. नॅफ्थलीन पोटात गेलं तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि पिल्लू खाली पडलेलं काहीही चघळतं. फिनाईलही नको, तेच पंजे ते चाटतं. जागा साबणाच्या पाण्याने पुसा, मग एन्झाइमवालं क्लीनर वापरा. वास पूर्ण गेला नाही तर ते पुन्हा तिथेच येणार.

पाचवं कलम मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. खाण्याच्या वेळा ठरल्या की बाहेर जायच्या वेळाही ठरतात. छोटी कुत्री शिकवायला अवघड, यातही थोडं तथ्य आहे, पण राग हे त्याचं कारण नव्हे. त्यांचं मूत्राशयच लहान. पिल्लाचं जितके महिने वय साधारण तितके तास ते धरू शकतं असा ढोबळ हिशोब आहे, छोट्या जातीत त्याहूनही कमी. दहा ते चार बंद घरात ठेवलेल्या पाच महिन्यांच्या पामेरियनने दुसरं काय करायचं? आणि शिकवलेलं पिल्लू अचानक घरात करू लागलं, किंवा सारखं थोडं थोडं करतंय, तर आधी लघवी तपासून घ्या. संसर्ग असला तर कुठलीही शिस्त कामाची नाही.

सहाव्या कलमावर बोलायचीही इच्छा नाही. उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणं हाही त्याच कलम ११ चा गुन्हा आहे. सात दिवसांत तर माणसाचं मूलही शिकत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. वाटी भरून जागेवर ठेवली. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि झोपताना बाहेर, दर वेळी त्याच निंबाखाली. तिथे केलं की तिथेच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा, घरी आल्यावर नाही. घरात करताना दिसला तर न ओरडता उचलून बाहेर. दुकानातून मधे एकदा काका येऊन नेतात. लस पूर्ण झालेली नसेल तर रस्त्यावर नेऊ नका, पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराची भीती असते. गच्चीत मातीचा ट्रे ठेवा.

पहिले दोन दिवस तो निंबाखाली नुसता उभा राहायचा आणि मावशीच्या हाताकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, मावशी पाठ फिरवून उभी राहिली तेव्हा त्याने केलं. मावशीने भाकरीचा तुकडा पुढे केला तर तो आधी मागे सरला. मग पुढे येऊन त्याने तो घेतला.

काल रात्री मावशीचा फोन आला. "आज एकदाच करं घरमा. मी काहीच बोलनू नही त्याले." नाकाची खपली अजून पडायची आहे.