अपघात करून घ्यायचाय? मग जरा नीट करून घ्या

परवा सात रस्त्याला टपरीवर चहा पीत उभा होतो तर बाजूचे एक काका सांगत होते, आजकाल ॲक्सिडेंट म्हणजे लॉटरी झालीय बघा, जरा कुठं खरचटलं की लोक क्लेम टाकतेत आन इन्शुरन्सवाले लाखांनी मोजतेत. त्यांच्या दोस्तानं लगेच अमेरिकेतली ती कॉफीवाली म्हातारी काढली, अंगावर कॉफी सांडली म्हणून करोडपती झालेली. ७९ वर्षांची ती बाई मांड्या भाजून आठ दिवस दवाखान्यात होती, कातडी लावायला लागली होती, तिनं मॅकडोनाल्डकडं मागितले होते २० हजार डॉलर आन ते ८०० देतो म्हणले म्हणून ती कोर्टात गेली. ज्युरीनं दिलेला मोठा आकडासुद्धा जजनं कापून ६ लाख ४० हजारावर आणला होता. हे सगळं सांगणार होतो, पण चहा गार होत होता आन काकांना अर्धीच गोष्ट आवडली होती.

तर मुद्दा असा, लॉटरी एवढी सोपी असेल तर आपण सोलापूरकर मागं का? खड्डे आहेत, राँग साईडनं येणारे आहेत, हायवेला उसाचे ट्रॅक्टर आहेत, कच्च्या मालाची काय कमी नाही, कमी आहे ती प्लॅनिंगची. म्हणून हे चार शब्द, फुकटात.

पहिलं म्हणजे वय बघून पडा. सुप्रीम कोर्टानं २००९ ला सरला वर्मा केसमध्ये गुणक ठरवून दिलाय, म्हणजे भरपाई काढताना तुमच्या वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं ते. १५ ते २५ वयाला १८, ४६ ते ५० ला १३, आन पासष्टी ओलांडली की ५. म्हणजे आजोबा, तुम्ही कृपया घरीच बसा, तुमच्यात काय परवडत नाही.

मरायचाच विचार असेल तर आधी लग्न उरका. बिनलग्नाचा माणूस निम्मी कमाई स्वतःवरच उडवतो असं धरतेत आन निम्मी कापतेत. मागं चार-सहा खाणारी तोंडं असली तर एक चतुर्थांशच कापतेत. पाहुणे सारखं विचारतेत ना लग्न कधी, त्यांना एवढी दूरदृष्टी असेल असं मला तरी वाटलं नव्हतं. आन बायकोचा साथीदार गेला त्याचाबी दर ठरलाय, २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. दुःखालासुद्धा महागाई भत्ता, आपल्या देशात कोण म्हणतंय काळजी घेत नाहीत?

गाडी निवडून घ्या. विमा असलेलीच. समोरच्याचा थर्ड पार्टी संपलेला असला की निकाल हातात येतो आन पैसे त्या माणसाच्या मागं फिरून वसूल करायला लागतेत, ज्याच्याकडं विम्याचा हप्ता भरायला नव्हते त्याच्याकडनं. ठोकून पळून गेला आन गाडीच सापडली नाही तर गंभीर जखमेला सरकारी रेट ५० हजार, मेल्यावर २ लाख. त्यामुळं हवेत उडाल्यावर घाबरायचं नाही, मान वळवून नंबर प्लेट वाचायची, जमलं तर फोटो. आन दवाखान्यात लई दिवस लोळत पडू नका, २०१९ च्या दुरुस्तीत अर्ज टाकायला सहा महिन्यांची मुदत घातलीय, २०२२ च्या एप्रिलपासनं लागू केलीय. हाड जुळो न जुळो, कागद जुळले पाहिजेत.

खोटे क्लेम होत नाहीत असं मी म्हणत नाही. उत्तर प्रदेशात एवढे निघाले की चौकशीला एसआयटी बसवायला लागली, त्यात वकीलबी अडकले. पण गंमत कशीय, खोटं करणाऱ्याची फाईल एकदम टकाटक असते, पंचनामा, साक्षीदार, बिलं, सगळं जागच्या जागी. खरं पडणाऱ्याचंच काहीतरी राहिलेलं असतंय.

आता आमच्या गल्लीतली अक्का घ्या. पूर्व भागातली, वय ४७, तीस वर्षं विड्या वळतीय. आसरा चौकात रिक्षातनं उतरत होती, टेम्पोनं उडवलं, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं पण अंगठा पूर्ण मिटत नाही. दाखला मिळाला, कायमचं अपंगत्व १२ टक्के. ऐकायला किती बारीक वाटतंय, १२.

विडी वळताना कधी जवळ बसून बघितलंय का? सूप मांडीवर, कापलेलं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, मग अंगठा आन बोटात धरून एकच गिरकी, दोरा, आन शेवटी तोंड मुडपायचं. अक्का हे न बघता करायची, टीव्हीवर सिरीयल आन हात खाली चालू, दिवसाला हजार. आता तीनशे झाल्या की हात सुजतो. पान हातातच उलगडतंय आन तंबाखू सुपात सांडतीय.

कोर्टात मी गेलो होतो संगं, पिशवी धरायला. इन्शुरन्सचे वकील साहेब एकदम सभ्य, आवाजसुद्धा चढवला नाही. घरी स्वयंपाक कोण करतं? मीच. भाकरी थापता? थापते की. वेणी कोण घालतं? मीच घालते. झालं, हात चालतोय. अक्कानं एवढं तरी करायला नको होतं! म्हणून माझा सल्ला लिहून घ्या, क्लेम टाकल्यापासनं निकाल लागेपर्यंत घरात भाकरी थापायची नाही, केस मोकळे सोडून बसायचं.

दुसरी चूक, कारखान्याचं पासबुक जावेच्या नावावर. दोघी मिळून वळायच्या, एकीच्याच नावावर माल जायचा. मग अक्काची कमाई किती? कागदावर शून्य. शेवटी अंदाजानं महिना ६ हजार धरा म्हणून बोलणं चाललंय. वर्षाचे ७२ हजार, गुणिले १३, त्याचे १२ टक्के, झाले १ लाख १२ हजार ३२०. दवाखान्याची बिलं वेगळी, तीबी सगळी जपून ठेवली असतील तर. सुप्रीम कोर्टानं २०१० लाच सांगून ठेवलंय की शरीराचे टक्के आन कमाईचे टक्के एक नसतेत, माणूस काम काय करतोय ते बघा. आमच्या वकिलांनी तो निकाल लावलाय फाईलीला. तसं धरलं, म्हणजे हजाराच्या तीनशे झाल्या हे धरलं, तर तोच हिशोब साडेसहा लाखावर जातोय. टपरीवरच्या काकांची लॉटरी ती हीच.

मधी लोकअदालतीत ९० हजारावर मिटवा म्हणून निरोप आला होता. आज सही, लगेच चेक. अक्काचा पोरगा तयार होता, त्याला रिक्षाचे हप्ते आहेत. अक्का बाहेर बाकावर बसलेली, मला म्हणाली, तू शिकलेला हायस, १२ टक्के म्हणजे किती विड्या ते सांग आधी.

म्हणलं, हजारातल्या १२०.

म्हणजे ८८० व्हायला पाहिजेत?

हो, कागदावर तसंच हाय.

तिनं हात मांडीवर ठेवला, बोटं मिटून बघितली, अंगठा बाहेरच राहिला. म्हणाली, मग त्या वकील साहेबाला विचार की, रोजच्या ५८० कोण नेतंय आमच्या घरनं.

विचारलं नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडलीय.