५ वर्षं झाली म्हणून गेमिंग पीसी भंगारात काढू नका

‘५ वर्षांपेक्षा जुन्या पीसीवर गेमिंगसाठी एक छदामही घालू नका, सरळ नवा घ्या’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपांमधून फिरतोय. त्यात सहा मुद्दे आहेत आणि शेवटी पैसे वाचवण्याचा एक सल्ला. परवा तो माझ्या भाच्याने मला पाठवला. त्याला माझं मत नको होतं, त्याचा निर्णय झाला होता: ‘मामा, माझा पीसी कामातून गेला. आईला सांगितलंय, नवाच घ्यायचा.’ आणि माझी बहीण पैशांची जुळवाजुळव करायलाही लागली होती. पीसी बंद पडलेला नव्हता. दोन नवे गेम अडकत अडकत चालत होते, एवढंच. म्हणून हे लिहितोय, कारण अशी किती घरं या मेसेजपायी विनाकारण खर्चात पडत असतील कोण जाणे.

त्याचा पीसी असा: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा भाग) आणि गेम सगळे हार्ड डिस्कवर. असे पीसी आजही घरोघरी आहेत, म्हणून तोच उदाहरणाला घेतो.

पहिला मुद्दा: ‘५ वर्षांनी पीसी गेमिंगसाठी मेलेला असतो.’ हा आकडा कुठून आला याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. गेम बनवणारेच किमान काय लागतं ते जाहीर करतात, तेच बघू. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा गेम डिसेंबर २०२४ मध्ये आला. हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा मार्ग मोजायची कार्डातली सोय) नसेल तर तो सुरूच होत नाही, म्हणजे अलीकडच्या गेममध्ये अटी कडक असणाऱ्यांपैकी हा एक. त्याच्या किमान यादीत कार्ड कोणतं आहे? आरटीएक्स २०६० सुपर. एएमडीचा प्रोसेसर कोणता? रायझन ५ ३६००. हे दोन्ही जुलै २०१९ मध्ये बाजारात आले. म्हणजे गेम आला त्या दिवशी दोघांनाही ५ वर्षं उलटून गेली होती, आणि बनवणारे म्हणतायत की यावर चालेल. त्यानंतर मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम: द डार्क एजेस’च्या किमान यादीतही तेच कार्ड आहे. एवढं पुरावं.

हो, यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करावंच लागेल. भाच्याचं १०५० टीआय हे २०१६ चं कार्ड. त्यावर हे दोन गेम उघडणारही नाहीत; एकेकाळी सगळ्यांत दमदार असलेल्या १०८० टीआयवरही नाहीत. पण वय कार्डाचं झालं. कॅबिनेट, मदरबोर्ड, मॉनिटर, कीबोर्ड, कूलर यांचं त्यात काय बिघडलं? पीसी हा सुट्या भागांचा असतो, आणि एक भाग थकला तर तेवढाच बदलता येतो. मेसेज नेमकं तेच सांगत नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझा तोल सुटला तो. मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘जुन्या प्रोसेसरवर नवं कार्ड लावलं की बॉटलनेक होतो, आणि बॉटलनेक १० टक्क्यांच्या वर गेला की कार्ड हळूहळू जळतं.’

साफ खोटं. भाच्याने नवं कार्ड घेण्याचा विचारच सोडला तो या एका वाक्याला घाबरून. बॉटलनेक म्हणजे एक भाग हळू असल्याने दुसऱ्याला थांबावं लागणं. जरा नीट समजून घेऊ. गेममध्ये प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, आधी प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काय दिसायला हवं. मग तो कार्डाला सांगतो, हे काढ. कार्ड चित्र काढतं. समजा प्रोसेसरला एका फ्रेमचा हिशेब करायला २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ती काढायला ८. तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतील आणि प्रत्येक फ्रेममागे कार्ड १२ मिलिसेकंद रिकामं बसेल. विटा देणारा हळू असेल तर गवंडी थांबतो, त्याचा हात मोडत नाही. रिकामं बसलेलं कार्ड कमी वीज खातं, कमी तापतं, त्याचे पंखेही हळू फिरतात. जळण्याचा संबंधच येत नाही. उलट कार्ड सगळ्यांत जास्त तापतं ते १०० टक्के कामाला जुंपलेलं असताना, आणि त्यासाठीच ते बनवलेलं असतं. तापमान हद्दीबाहेर जायला लागलं तर ते स्वतःच वेग कमी करतं.

बरं, ते ‘१० टक्के’ तरी कशाचे? प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की बॉटलनेकचा एक आकडा दाखवणाऱ्या साइट्स आहेत, तिथून हे खूळ आलंय. एकाच पीसीत एका गेममध्ये कार्ड कमी पडतं आणि दुसऱ्यात प्रोसेसर. त्याच गेममध्ये रिझोल्यूशन बदललं तरी चित्र पालटतं. काउंटर-स्ट्राइकसारखा गेम कमी सेटिंगवर खेळणाऱ्याला प्रोसेसर अडवतो; तोच माणूस ४के मॉनिटरवर एखादा भव्य सिंगल प्लेअर गेम लावेल तेव्हा कार्ड अडवेल. मग एकच टक्केवारी कुठल्या गेमची? शिवाय प्रत्येक पीसीत काहीतरी एक भाग सगळ्यांत हळू असतोच. अगदी कालच घेतलेल्या पीसीतही.

स्वतःच्या पीसीत काय अडतंय हे कळायला कुठल्याही साइटची गरज नाही. अडकणारा गेम लावा, फ्रेम रेट बघा. मग फक्त रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडत होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. एक काळजी घ्या: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३०-४० टक्केच दिसतोय म्हणून तो मोकळा आहे असं धरू नका. २६०० मध्ये १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या १२ रांगा आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटा ठासून भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. कार्डाचा आकडा मात्र उपयोगी. तो ९५ च्या वर चिकटून असेल तर कार्ड आपली पूर्ण ताकद लावतंय.

भाच्याच्या पीसीवर हेच करून बघितलं. कार्ड ९८-९९ वर आणि त्याची ४ जीबी मेमरी काठोकाठ. त्याच खिडकीत रॅमच्या पानावर अजून दोन गोष्टी सापडल्या. ८ जीबीची एकच स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन स्टिकनी एकदम काम करणं) नाही. आणि वेग २१३३, जेव्हा स्टिकवर ठळक ३२०० छापलंय. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग) कधी चालूच केलं नव्हतं. पीसी जोडला तेव्हापासून रॅम मंद चालत होती. हे दुरुस्त करायला एक पैसा लागला नाही.

त्यावरून मेसेजचा रॅमचा मुद्दा: ‘डीडीआर४ संपलं, आता रॅम वाढवून उपयोग नाही.’ रॅमची डीडीआर५ ही पिढी नवीन आहे आणि नवा बोर्ड घेणाऱ्याने तीच घ्यावी, हे बरोबर. पण जो गेम ८ जीबीत अडखळतोय तो १६ जीबीत सुरळीत चालतो, मग ती रॅम डीडीआर४ असली तरी. जुळणारी दुसरी स्टिक टाकली की ड्युअल चॅनलही मिळतं.

‘जुन्या स्लॉटमध्ये नव्या कार्डाचा निम्मा वेग वाया जातो’ हेही तसंच. बोर्डावर कार्ड बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. त्याच्या ४.० पिढीचं कार्ड ३.० च्या स्लॉटमध्ये बिनदिक्कत चालतं. हार्डवेअर तपासणाऱ्या टेकपॉवरअप या साइटने आरटीएक्स ४०९० सारखं अजस्र कार्ड ३.० वर चालवून मोजलं, तर सरासरी फरक निघाला २-३ टक्के. निम्मा कुठे आणि हे कुठे! अपवाद आहे तो कमी लेनच्या (डेटा जायच्या वाटांच्या) स्वस्त कार्डांचा. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४ लेन आणि ४ जीबी मेमरी, ते ३.० च्या बोर्डात खरंच मार खातं. तेवढं एक टाळा.

विंडोजचा मुद्दा लोकांना फार घाबरवतोय: ‘विंडोज १० बंद झालं, जुना पीसी आता निकामी.’ १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे खरं. म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, पीसी सुरू व्हायचा थांबला नाही. कायम तसंच वापरत राहा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण विंडोज ११ च्या यादीत इंटेलची ८ वी पिढी आणि रायझन २००० पासून पुढचे बहुतेक प्रोसेसर आहेत. भाच्याचा २६०० त्यात बसतो. त्याला ‘टीपीएम नाही’, म्हणजे विंडोज ११ ला लागणारं सुरक्षेचं साधन नाही, असा इशारा दिसला आणि तो मेसेजवर विश्वास ठेवून मोकळा झाला. टीपीएम होतं, बायोसमध्ये बंद होतं. एएमडीत ते एफटीपीएम नावाने सापडतं, इंटेलमध्ये पीटीटी.

मग नवा पीसी कधीच घेऊ नये का? घ्यावा की. इंटेलच्या ६ व्या-७ व्या पिढीवाल्यांना मेसेज चुकून बरोबर लागू पडतो. आय५-७४०० मध्ये ४ कोअर (काम करणारे भाग), ४ थ्रेड. आजच्या मोठ्या गेमना ते पुरत नाहीत. त्या बोर्डावर फार तर आय७-७७००के बसेल, आणि विंडोज ११ च्या यादीत तोही नाही. ८ व्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसताना दिसतो, पण चालत नाही. तिथे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकदम बदलावे लागतात, आणि माझ्या मते तिन्ही बदलायची वेळ आली की त्याला नवा पीसीच म्हणावं. तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये स्वतःच्याच मापाचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड असेल, तर तिथेही फार जीव काढू नका.

एएम४ वाल्यांची, म्हणजे बी४५० सारख्या बोर्डांवरचं एएमडीचं सॉकेट असणाऱ्यांची, गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. मे २०२० मध्ये एएमडीने आधी म्हटलं होतं की पुढची रायझन पिढी ४०० सिरीजच्या बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी आरडाओरडा केला, कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर ३०० सिरीजच्या बोर्डांनाही ही सोय मिळाली. त्यामुळे भाच्याच्या बी४५० वर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. २६०० सारखाच ६५ वॅटचा आहे, कूलरही तोच चालेल. गेमसाठीच खास असलेला ५८००एक्स३डीसुद्धा बसतो, त्याला मात्र कूलर तगडा हवा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढायच्या आधी करा, आणि मध्येच वीज जाणार नाही अशा वेळी.

आता तो शेवटचा सल्ला, ज्यावर गप्प बसणं मला शक्य नाही: ‘पैसे वाचवायचे तर नव्या पीसीत पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क जुनीच लावा, पिन कमी पडली तर कन्व्हर्टर केबल मिळते.’ धडधाकट बोर्ड टाकून द्यायचा आणि ज्या दोन गोष्टी आधी बदलायला हव्यात त्या जपून ठेवायच्या! ज्या माणसाने हे लिहिलं त्याने लोकांच्या घरात आग लागू शकेल असा सल्ला दिलाय.

हिशेब साधा आहे. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या केबलमधून आणखी ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. आणि डिस्कला वीज देणारी साटाची पॉवर केबल? १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्या केबलला ८ पिनचा कन्व्हर्टर लावला की कार्ड तिच्याकडून १५० मागू शकतं. मग कनेक्टर तापतो, वितळतो. पॉवर सप्लायला ८ पिन दिलेली नाही याचा अर्थच हा असतो की बनवणाऱ्याने तो अशा कार्डासाठी धरलेला नाही. त्यात मोठी कार्डं क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या वॅटच्या दुप्पटही खेचतात. थकलेला सप्लाय तिथे गेम चालू असताना पीसी बंद पाडतो, आणि लोक दोष देतात कार्डाला. कार्ड घेण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा, सप्लायवरचं लेबल वाचा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती वॅट आहेत ते बघा. वरचा मोठा आकडा पुरेसा नाही. सप्लाय बदलला तर त्याच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबलही बदला. दिसायला सारख्या असल्या तरी एका कंपनीची केबल दुसरीच्या सप्लायला लावली तर पार्ट जळतात.

हार्ड डिस्कबद्दल एवढंच: ‘स्टारफील्ड’ला एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपवरची डिस्क) लागतेच, ‘सायबरपंक २०७७’ नेही २०२३ मध्ये किमान यादीतून हार्ड डिस्क काढली. साधी साटा एसएसडीही चालेल.

उरला लॅपटॉप. ‘अपग्रेडच्या पैशात गेमिंग लॅपटॉप येतो, कार्ड तेच असतं.’ नाव तेच असतं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. शिवाय लॅपटॉपमध्ये त्याच कार्डाला एक कंपनी ११५ वॅट देते आणि दुसरी त्याच्या निम्मेही देत नाही, त्यामुळे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये वेग वेगळा. ज्याला होस्टेल आणि घर अशी ये-जा करायची आहे त्याने लॅपटॉप जरूर घ्यावा, पण कार्डाच्या नावापुढे किती वॅट लिहिलेत ते वाचून. आणि पुढे ते कार्ड थकलं, तर तेवढंच बदलायची सोय त्यात नसते.