कोक जाळता येतो, म्हणून तो निर्दोष ठरत नाही

सप्रेम नमस्कार. जड तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरक निकामी होण्याचे खापर मी कोकवर, म्हणजे उत्प्रेरकावर साचणाऱ्या कार्बनयुक्त थरावर, फोडले, परंतु खरा दोष तेलातून येणाऱ्या निकेल आणि व्हॅनेडियम या धातूंचा आहे, कारण कोक जाळता येतो आणि जड तेलाचे विघटन करून पेट्रोलसारखी हलकी इंधने बनवणाऱ्या एफसीसी युनिटमध्ये तो अखंड जाळलाच जातो, असा आपला आक्षेप आहे. धातूंविषयीचे म्हणणे मला काही अंशी मान्य आहे. एफसीसीचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही.

एफसीसीमध्ये भुकटीसारखा उत्प्रेरक तेलाच्या संपर्कात जेमतेम काही सेकंद राहतो, मग रिजनरेटरमध्ये सुमारे 700 अंश सेल्सियसला त्यावरचा कोक जळतो आणि त्याच उष्णतेवर पुढील तेलाचे विघटन चालते. तेथे कोक हे इंधनच आहे.

माझे लेखन कुवेतमधील मीना अल अहमदीसारख्या रिफायनऱ्यांत अवशेषी तेलातून (कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या जड तेलातून) गंधक काढणाऱ्या युनिटांविषयी होते. तेथे ॲल्युमिना या सच्छिद्र आधारावरील मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली महिनोन्महिने रिॲक्टरमध्ये असतो; चालू युनिटमध्ये हवा सोडून कोक जाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्या काही दिवसांतच ॲस्फाल्टीनसारखे जड रेणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर चिकटतात, हायड्रोजन गमावत एकमेकांना जोडले जातात आणि सक्रियता झपाट्याने उतरते. त्यानंतर कोकचे प्रमाण जवळजवळ स्थिरावते, धातू मात्र साचतच राहतात आणि अखेरीस छिद्रांची तोंडे बुजवतात. शेवटच्या टप्प्याकडे पाहिले तर आपले म्हणणे बरोबर वाटते, सुरुवातीकडे पाहिले तर माझे.

मधल्या काळाकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. धातूंमुळे घटलेली सक्रियता भरून काढण्यासाठी ऑपरेटर तापमान थोडे थोडे वाढवत नेतो. परंतु तापमान वाढले की ॲस्फाल्टीनच्या बाजूच्या साखळ्या तुटतात, उरलेला गाभा तेलात विरघळेनासा होतो आणि नवा कोक बसू लागतो. म्हणजे धातूच कोकला वाट करून देतात, आणि दोघांचे हिशेब वेगळे मांडता येत नाहीत. जागेचा भेद मात्र स्पष्ट दिसतो: धातू मुख्यतः तेल प्रथम पोचते त्या थरांत साचतात, तर कोकचे प्रमाण बहुधा रिॲक्टरच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडे वाढत जाते.

राहिला वापरलेला उत्प्रेरक बाहेर काढून जाळण्याचा मुद्दा. डिझेलमधील गंधक काढणाऱ्या युनिटांच्या उत्प्रेरकाबाबत ते सर्रास केले जाते, कारण त्यावर हे धातू फारसे नसतात. व्हॅनेडियमने भरलेल्या कणांतला कोक जाळला तरी धातू छिद्रांतच राहतो, शिवाय ज्वलनाच्या उष्णतेत तो ॲल्युमिनाच्या रचनेलाही अपाय करतो. म्हणूनच व्हॅनेडियम रसायनांनी विरघळवून काढणे आणि कोक जाळणे यांची सांगड घालण्याचे प्रयोग कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेत झाले. नुसत्या ज्वलनाने तो उत्प्रेरक पूर्ववत होत असता, तर या खटाटोपाची गरजच पडली नसती.