मुंबईला इतिहास नाही म्हणे!

सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "मुंबईला स्वतःचा इतिहास नाही, इंग्रजांच्या आधी सात बेटं आणि मासेमारी एवढंच. बघण्यासारखं सगळं फोर्टात आणि म्युझियममध्ये आहेच. रस्त्यावर इतिहासाच्या पाट्या लावून पैसे का घालवायचे, वाचतं कोण?" इतक्यांदा आला की शेवटी लिहायला बसलो.

आधी सात बेटांचं बघू. कान्हेरीच्या लेण्यांचं नाव काढलं की "ते साष्टीत, म्हणजे उत्तरेच्या वेगळ्या बेटावर येतं, मुंबईत नाही" म्हणणारे हजर असतात, म्हणून कान्हेरी बाजूला ठेवतो. पण परळ तर त्या सातातलंच ना? तिथं 1931 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना एका दगडात कोरलेला जवळपास बारा फुटी शिव सापडला, मधल्या आकृतीतून वर एक, तिच्यातून आणखी वर एक, दोन्ही बाजूंनीही बाहेर आलेल्या, अशा एकूण सात आकृत्या आणि पायाशी वाद्यं वाजवणारे गण. साधारण सहाव्या शतकातलं काम आहे हे. तेव्हा इंग्रज कुठे होते सांगा.

म्युझियममध्ये आहेच म्हणता, तर हो, याच शिवाची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिल्प मात्र परळच्या बारादेवी मंदिरात. म्हणजे कॉपी बघायला तिकीट काढायचं आणि रोज परळला उतरणाऱ्या कितीतरी जणांना ओरिजिनलचा पत्ताच नाही! देवळातून उचलून काचेत ठेवा असं मी म्हणत नाहीये हां, स्टेशनबाहेर बाण दाखवणारी ठळक पाटी पुरे.

राणीबागेतही तेच. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच, आणि लोक पेंग्विन बघायच्या घाईत त्याच्या बाजूने निघून जातात.

आणि इंग्रजांचं तरी धड दिसत होतं का? सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजणारे, रोमन आकडे कोरलेले दगड शहरभर होते, त्यातले काही रस्त्याची उंची वाढत गेली तसे फुटपाथमध्ये गाडले गेले, ते मागाहून उकरून काढावे लागले. गिरणगावचं तर विचारूच नका, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, दोन लाखांहून जास्त कामगार त्यात होते, आणि आज मॉलमधल्या पोरांना गिरणीची चिमणी डेकोरेशन वाटते.

राहिलं "वाचतं कोण". लंडनमध्ये 1867 पासून घरांवर तिथं कोण राहिलं ते सांगणाऱ्या पाट्या लावतात. तिथल्या किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब राहिलेल्या घरासमोर आपलेच लोक आवर्जून फोटो काढतात, आणि ते वीसएक वर्षं राहिले ती परळची बीआयटी चाळ कुठली हे इथं विचारत जावं लागतं. पाटी नीट असली तर लोक थांबून वाचतात. "यांच्या शुभहस्ते, यांच्या प्रयत्नाने, यांच्या निधीतून" अशी नावं हातभर मोठी आणि माहिती मुंगीएवढी असली, तर ती मीही वाचत नाही.