गोळी सोडलीत, ठीक. पण डॉक्टरांना सांगितलंत का?

गरोदर बाईने लोहाची गोळी सोडली की तिला बेफिकीर ठरवायची घाई सगळ्यांनाच होते. मला हे अजिबात पटत नाही. गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि एक दिवस काळी शौच बघून ती घाबरते. यातलं काहीच तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. मग पाकीट कपाटात जातं आणि पुढच्या तपासणीला ती "हो, घेते" म्हणून मोकळी होते. बोलणी खाण्यापेक्षा थाप सोपी!

गोळीची गरज मात्र खरी आहे. गरोदरपणात रक्तातला पाण्यासारखा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणारच. पण पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ते ११ च्या खाली गेलं तर तो अ‍ॅनिमिया. बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त धरून या काळात साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, त्यातलं बरंचसं उत्तरार्धात. नुसत्या जेवणातून एवढं भरून निघणं अवघड. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगते. हे आकडे प्रत्यक्ष लोहाचे बरं का. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या (हा लोहाचा एक क्षार) गोळीत लोह असतं जेमतेम ६०, त्यामुळे पाकिटावरचा मोठा आकडा बघून दचकू नका.

आता, झेपत नसेल तर? रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण उलटीच होणार असेल तर त्या शोषणाचा काय उपयोग? थोडं खाऊन किंवा रात्री झोपताना घ्या. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. शौच काळी होणं नेहमीचंच; डांबरासारखी चिकट झाली तर मात्र लगेच दाखवा.

एवढं करूनही जमलं नाही तर डॉक्टर मात्रा कमी करतात, लोहाचा वेगळा क्षार असलेली गोळी देतात, काहींना दिवसाआड देतात. लोह घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचं शोषण काही काळ रोखून धरतं, त्यामुळे दिवसाआड देण्यामागे विचार आहे. अ‍ॅनिमिया असेल आणि गोळी सोसतच नसेल, तर पहिल्या तिमाहीनंतर शिरेतून लोह देता येतं. पण हे पर्याय पुढे येणार कधी? खरं सांगितलं तरच. उलट ती "घेते" म्हणाली आणि हिमोग्लोबिन वाढलं नाही, तर डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसणार. थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक असणं हे तसं एक खरं कारण आहे, आणि नेमाने गोळी घेऊनही आकडा हलत नसेल तर ती तपासणी करायलाच हवी.

तपासणाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. "घेतेस ना?" असं दरडावून विचारलं की उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी "या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारून बघा.