मेन कॉक कपाटामागे आणि पाणी हॉलमध्ये

नव्या घरात येऊन चार महिने झाले होते. पहाटे साडेतीनला उठले आणि पाऊल थेट पाण्यात पडलं. बेसिनखालची जोडनळी फुटली होती. तिथला अँगल कॉक पिळला, तर तो नुसताच गरगर फिरला. मग मेन कॉक. तो कुठाय? दहा मिनिटांनी आठवलं की त्याच्यापुढे आम्हीच हौसेने कपाट करून घेतलंय. स्क्रू काढून पाठीची फळी उचकटली, तर कॉक गंजून घट्ट. शेवटी नवरा गच्चीवर जाऊन टाकीचाच कॉक बंद करून आला.

टाइल्सच्या शेडवरून आम्ही तीन आठवडे भांडलो होतो. पाणी कुठून बंद होतं हे विचारायला तीन मिनिटंही दिली नव्हती.

त्यामुळे नवं घर घेतलेल्या कोणालाही माझं एकच सांगणं असतं: जे बिघडू शकतं ते झाकू नका. पॅनेलिंग करा, फॉल्स सीलिंग करा, पण कॉक, जोड, ट्रॅप (सांडपाण्याच्या वाटेतला, पाणी धरून ठेवणारा भाग) आणि डीबीपर्यंत (विजेच्या मुख्य स्विचांची पेटी) हात पोचला पाहिजे. भिंतीत पाइप आणि वायरिंग टाकताना, प्लास्टर व्हायच्या आधी, शेजारी मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

कॉक वापरला नाही की जाम होतो. दोन-तीन महिन्यांनी सगळे पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे. चाकाचा असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही.

गळती शोधायला प्लंबर लागत नाही. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला असेल तर बहुतेक वेळा चोर फ्लशमध्ये सापडतो. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर गेलं. नळ ठिबकत असेल तर खाली लिटरचा मग ठेवा. तासाभरात भरला तर दिवसाला २४ लिटर वाया. बहुतेकदा बिघाड एका वायसरचा असतो!

ओलीबद्दल तर मला रागच आहे. पोपडे आले की लोक पेंटर बोलावतात. पाणी आतून येत असताना वरून कितीही महागडा रंग मारा, तो सुटणारच. आधी ओल कुठली ते ओळखा. त्या जागी हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस थांबा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, तिथे खिडक्या उघडणं आणि एक्झॉस्ट लावणं हाच उपाय. पाणी भिंतीतलं असेल तर उगम बंद करा, भिंत नीट वाळू द्या, मगच रंग. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. भेग रेघेपलीकडे गेली तर इंजिनिअरला दाखवा, पुट्टी भरून गप्प बसू नका.

विजेचं थोडक्यात. एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) माणूस वाचवतो. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. (कंप्युटर आधी बंद करा, मी एकदा केला नव्हता.)

एसीची जाळी धुणं, गच्चीवरचं पाणी जायची तोंडं पावसाआधी साफ करणं, हे सगळ्यांना माहीत असतं. न वापरलेल्या बाथरूममधून वास येतो, तो मात्र पुष्कळांना कोड्यात टाकतो. नहाणी ट्रॅपमधलं, गटाराचा वास अडवणारं पाणी आटलेलं असतं, तांब्याभर ओता.

आमच्या कपाटाच्या पाठीला आता हातभर चौकोन कापलाय. सुताराला तो फारच विद्रूप वाटला. जाताना त्याने दोनदा विचारलं, “ताई, वरून लॅमिनेट मारून देऊ का?”