देवघेवीची वहीही इतिहासच

‘गावाच्या शिक्षणाचा इतिहास शाळेच्या दप्तरात असतो, वाचनालयात नुसती पुस्तकं’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य पटलं नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण मिळतं. पण शाळा सोडलेला माणूस पुढे काय वाचत होता, हे कळतं ते वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीतून, म्हणजे कोणी कुठलं पुस्तक नेलं त्याच्या नोंदवहीतून. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी काही वर्षं संध्याकाळी बसायचो. एका जुन्या वहीत नवऱ्याच्या नावावर पुस्तकं जायची आणि सही मात्र बाईची, तीही अडखळत केलेली. पाचसहा पानांनंतर तीच सही सरळ झालेली. असा पुरावा कुठल्या शाळेत मिळेल?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. इतक्या जुन्या संस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्गणीदारांच्या याद्या म्हणजे त्या शहरांची चरित्रंच. पण वाचनालयांचे सरकारी अ-ब-क-ड वर्ग ठरवताना पुस्तकं मोजतात, वाचक मोजतात; जुन्या वह्या कोण मोजतं? आमच्याकडची ती वही रंगकामाच्या वेळी रद्दीत गेली. वजन भरलं असेल पाऊण किलो.